चंद्र वेळ खातो

माणसाला भांडायला कारण लागत नाही, फक्त समोर कोणीतरी लागतं. आणि समोर कोणी नसलं तर हल्ली त्याचीही सोय झाली आहे, म्हणा. कवळ्या करणाऱ्या ताईला ती सोय भलतीच महागात पडली.

ताई म्हणजे दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत काम करणारी बाई. पुढे डॉक्टरांनी पेशंटच्या तोंडाचा ठसा घ्यायचा, मागे हिने त्यात प्लास्टर ओतायचं, मेणात एकेक दात बसवायचा, घासायचा, चकाकी आणायची. दिवसभर हातात लोकांचे जबडे, आणि बोलायला एक माणूस नाही. जबडे काही बोलत नाहीत, आणि बोलले असते तरी तक्रारच केली असती. म्हणून दुपारी डबा उघडला की ताईच्या दुसऱ्या हातात फोन यायचा.

फोनवर 'उगाच' नावाचा एक कट्टा होता. नावाप्रमाणेच काम. शून्य पूर्णांकानंतर न संपणारे नऊ लिहिले तर तो एक होतो का? मंगळावर माणूस टिकेल का? मेंदूची नक्कल यंत्रात भरली तर ती आपल्या बायकोला ओळखेल का? यावर कोणीतरी लिहिलं होतं, ओळखेल, पण घाबरायची नाही. अशी सगळी चेष्टा. खरी नावं कोणालाच माहीत नव्हती. कट्टा चालवणारा 'मुकादम', गणितवाला एक होता तो 'छेदस्थानी शून्य', आणि ताई 'दातखिळी'. गणित तिला बेताचंच यायचं, पण वाद घालायला गणित कशाला लागतंय? "डोंबल तुमचं!" असं ठोकून दिलं की निम्मे गारद.

एका दुपारी वाद रंगला होता, चंद्रावर वस्ती झाली तर तिथली घड्याळं कशी लावायची याचा. 'छेदस्थानी शून्य' आकडेमोड मांडून बसला होता. तेवढ्यात 'रात्रपाळी' नावाच्या नव्या सभासदाने लिहिलं, "चंद्राला वेळेचं काय कौतुक? तो इथूनच आपला वेळ खातो. पौर्णिमेला लंबकाचं घड्याळ चिमूटभर मागे पडतं."

लोकांनी हसून हसून त्याची पार धुलाई केली. ताईचा घास मात्र हातातच राहिला. कारण हे वाक्य अख्ख्या जगात एकाच घरात बोललं जायचं, आणि ते घर तिचं होतं.

ताईचे बाबा घड्याळजी. हात सोन्याचा, पण डोक्यात एक खूळ घट्ट बसलेलं. घरातलं भिंतीवरचं घड्याळ पौर्णिमेला मागे पडतं, कारण चंद्र लंबकाला वर ओढतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ते काटे पुढे सरकवायचे आणि म्हणायचे, "खाल्ला बघा, चिमूटभर वेळ खाल्ला." मुलं लहान होती तोवर दोघांनाही ते खरं वाटायचं. पुढे ताईच्या धाकट्या भावाला शिंगं फुटली. तो यंत्रं शिकला, आणि एके दिवशी जेवताना म्हणाला, "बाबा, चंद्राचा काही संबंध नाही. काहीतरी दुसरंच कारण आहे, मी शोधून काढतो." शब्दाने शब्द वाढला. बाबा म्हणाले, माझ्या घरात राहून मला खोटं पाडणार असशील तर दार उघडं आहे. आणि ताई, घरातली मोठी, समजूतदार म्हणून नावाजलेली, ती काय म्हणाली? "आधी बाबांची माफी माग." धाकटा ताटावरून उठला तो उठलाच. कुठल्याशा बोटीवर इंजिनखोलीत लागला असं कळलं, नंतर तेही कळेनासं झालं. बाबा गेले तेव्हा निरोप द्यायला पत्तासुद्धा नव्हता.

आता सांगा, असं वाक्य समोर आल्यावर कुठली बहीण शहाणपणाने वागेल? ताईने हात पुसले आणि 'रात्रपाळी'ला खासगीत लिहिलं, "धाकट्या, तू आहेस का? मी ताई."

उत्तर लगेच आलं. "हो ताई."

ताई प्लास्टरच्या पोत्यावर बसून ढसाढसा रडली. पुढून डॉक्टरांनी विचारलं, काय झालं, तर म्हणाली, पावडर डोळ्यांत गेली.

संध्याकाळी तिने आईला सांगितलं. आई दारापाशीच्या खुर्चीत बसलेली असायची. तिची कवळी ताईनेच केलेली, पण ती बहुतेक वेळ वाटीतल्या पाण्यात असायची. आई म्हणायची, "ही घातली की खोटं बोलल्यासारखं वाटतं गं." आईने सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाली, "त्याला विचार, जेवलास का."

ताईने 'आई विचारतेय' असं लिहून विचारलं. उत्तर आलं, "हो आई, जेवलो."

"जेवला म्हणतोय," ताई म्हणाली. आईने मान डोलावली आणि भिंतीवरच्या घड्याळाला चावी द्यायला उठली. बाबांच्या मागे ते काम तिनेच घेतलं होतं. रोज जेवण झालं की स्टुलावर चढायचं आणि चावी द्यायची. ते घड्याळ आता पौर्णिमेला मागे पडत नव्हतं. दोघींनाही ते कळलेलं होतं, पण त्यावर बोलायचं नाही, असं न ठरवताच ठरलं होतं.

मग ताईचे दिवसच पालटले. बसमध्ये, कामात, चहा उकळेपर्यंत, सारखं धाकट्याशी बोलणं. ती विचारायची, घरची आठवण येते का? "येते ना ताई." बाबा गेले, कळलं होतं का रे? "ऐकून फार वाईट वाटलं." तुला खरंच पटलं का, चंद्र वेळ खातो ते? "पटलं. बाबांचंच बरोबर होतं." हे वाचून तर तिचा ऊर भरून आला. इतक्या वर्षांनी पोरगं वाकलं! कुठे आहेस, येतोस कधी, असं विचारलं की मात्र गोड बोलून तो विषय बदलायचा. जखम जुनी आहे, वेळ लागेल, असं ताई स्वतःला समजवायची.

एक गोष्ट तिला खुपायची. तो बोलायचा ते अगदी तिच्यासारखं. "डोंबल" म्हणायचा. "समजलं का राजे हो" म्हणायचा, जे ती कट्ट्यावर वाद जिंकली की लिहायची. एकदा दवाखान्यात तिने त्याचं उत्तर मोठ्याने वाचलं. रिकाम्या खोलीत आपणच आपल्याला हाक मारावी आणि आपणच ओ द्यावी, तसं वाटलं. समोर फळीवर जबडे ओळीने मांडलेले होते. तिने ते उगाचच भिंतीकडे तोंड करून ठेवले. मग स्वतःवरच चिडली. एका आईची लेकरं आम्ही, एका घरात वाढलो, बोलणं सारखं असणार नाही तर काय! आशेला कान असतात, पण ते हवं तेवढंच ऐकतात.

मग एका दुपारी मुकादमाने कट्ट्यावर जाहीर केलं. "मंडळी, एक गंमत कबूल करतो. तुम्ही सगळे झोपलात की कट्टा ओस पडतो, म्हणून मी एक यंत्र कामाला ठेवलंय. कट्ट्यावरचे सुरुवातीपासूनचे सगळे वाद त्याला वाचायला दिले. 'रात्रपाळी' म्हणजे तेच. कोणाला संशयही आला नाही की नाही?"

नुसता हशा. 'छेदस्थानी शून्य' म्हणाला, तरीच म्हटलं, एवढा मूर्ख माणूस असणं शक्य नाही. लोक मेंदूच्या नकलेचा जुना वाद पुन्हा उकरायला लागले. ताईच्या हातात अर्धी लावलेली कवळी होती, मेण निवून गेलं तरी तिला भान नव्हतं. यंत्राने ते चंद्राचं वाक्य वाचलं होतं. कट्ट्यावरच वाचलं होतं. म्हणजे ते कोणीतरी तिथे लिहिलेलं होतं.

आणि मग तिला आठवलं, कोणी लिहिलं होतं ते. तिनेच. बाबा गेल्याच्या आठवड्यात, रडून डोकं जड झालेलं असताना, कट्ट्यावर नवीनच असताना. "पौर्णिमेला लंबकाचं घड्याळ चिमूटभर मागे पडतं. चंद्र वेळ खातो." बाबा गेले हे लिहायचा धीर झाला नव्हता, तेवढंच लिहिलं होतं. खाली लोक फिदीफिदी हसायला लागले. पहिली दोन-तीन हसणी वाचली आणि तिचं टाळकं सटकलं. माझ्या बाबांना हसता काय? तेव्हापासूनची तिची रीतच पडून गेली. बाबांच्या वाटेला जो जाईल त्याचं तोंड बंद. खाली आलेल्या एकूण एक नावावर, न वाचता, तिने बोट दाबलं होतं. कट्ट्यावर असं दाबलं की त्या विषयाखालचं त्या माणसाचं लिहिलेलं आपल्यापुरतं झाकलं जातं, आणि तिथे त्याला पुन्हा आपल्याशी बोलता येत नाही. मग तो विषय तिने मनातूनही झाकून टाकला होता.

म्हणजे इतके दिवस ती ज्याच्यासाठी रडली, ते तिचंच वाक्य होतं. तिचंच 'डोंबल', तिचेच 'राजे हो'.

ती घरी आली. आईला सांगायचं तरी कसं? पण आईपासून काय लपतंय? ताईने चप्पलसुद्धा न काढता सगळं ओकून टाकलं. "यंत्र होतं गं आई. तो नव्हताच. मी तुला उगाच..."

आईने तोंडातली कवळी काढून वाटीत ठेवली. म्हणजे आता ती खरं बोलणार होती.

"मला पहिल्या दिवशीच कळलं होतं," ती म्हणाली. "जेवलास का विचारल्यावर तो जन्मात कधी सरळ 'हो' म्हणालाय? 'तू काय केलंयस त्यावर आहे' म्हणायचा मेला."

"मग बोलली का नाहीस?"

"तू स्वयंपाक करताना गुणगुणत होतीस. किती वर्षांनी." आईने पदराने तोंड पुसलं. "मला वाटलं, चालू दे जितके दिवस चालतंय तितके."

आई पुढे म्हणाली, "आणि बाबांचं बरोबर होतं असं तो म्हणेल का गं? मान कापली तरी म्हणणार नाही. माझं पोर गोड बोलणारं नाही. तो असता तर भांडला असता. तुला शोधायचंच असेल तर तुला चूक म्हणणाऱ्यांत शोध."

साधं बोलणं. पण ताईच्या डोक्यात एकदम वीज चमकली. तिने फोन काढला, कट्ट्यावर मागे मागे जात आपलं ते जुनं वाक्य गाठलं. खाली झाकलेल्या उत्तरांची रांग होती. ती एकेक उघडायला लागली. एक जण नुसता हसला होता. दुसराही. 'छेदस्थानी शून्य'ने चंद्राच्या ओढीचा हिशेब मांडून शेवटी चक्क सभ्यपणे लिहिलं होतं, तुमच्या घड्याळाला नमस्कार सांगा. आणि त्याच्या खाली एक बिननावाचा होता, नुसतं 'नवीन सभासद'.

"चूक. साफ चूक. चंद्र कशाला खाईल? पौर्णिमेला चांदणं पडलं की गच्चीवर गप्पा मारत कोण बसतं आणि घड्याळाला चावी द्यायची कोण विसरतं, ते आधी बघा. चावी चुकली की घड्याळ मागे पडणारच."

त्याच्याच खाली, त्याचंच आणखी एक होतं.

"ताई, ही तू आहेस का? चंद्र वेळ खातो असं आपल्या घराबाहेर कोणी म्हणत नाही. मी हरलो म्हणत नाहीये, पण मी येतो. बाबा कसे आहेत?"

आणि अगदी शेवटचं, एकच शब्द.

"ताई?"

त्यानंतर त्या नावाने कट्ट्यावर कुठेच काही लिहिलेलं नव्हतं. लिहिणार कसं? त्याने दार वाजवलं होतं, नाव घेऊन हाक मारली होती, आणि ताईने आतून कडी लावली होती. बहिणीने ओळखून तोंड फिरवलं, असंच तो समजला असणार.

"काय गं, काय झालं?" आई विचारत होती. ताईने वाचून दाखवलं. 'येतो' हा शब्द तिने दोनदा वाचला, तेव्हा आईने फोन हातात घेतला, अक्षरं काही दिसत नसताना त्या उजेडावरून अंगठा फिरवला, आणि परत दिला.

"लिही," ती म्हणाली. "लिही त्याला."

ताईने त्या नावावरचं कुलूप काढलं. तिने लिहिलं, "हो रे, मीच आहे. तुझंच बरोबर होतं. चावी बाबाच विसरायचे. ये." आणि पाठवून दिलं, इतक्या वर्षांपूर्वीच्या त्या 'ताई?'च्या बरोबर खाली.

दोघी फोनकडे बघत बसल्या. वर भिंतीवर लंबक हलत होता, त्याचा तेवढा आवाज.

फोन वाजला. आईने खुर्चीचे हात गच्च धरले. "आलं? आलं का गं उत्तर?"

ताईने उघडलं. उत्तर 'रात्रपाळी'चं होतं.

"डोंबल तुमचं! पौर्णिमेला लंबकाचं घड्याळ चिमूटभर मागे पडतं. चंद्र वेळ खातो. समजलं का राजे हो?"

"अगं सांग ना," आई म्हणाली. "कोणाचं आहे?"

"माझंच आहे, आई," ताई म्हणाली.