कॉफीचा नाच

अक्रोड फोडणाऱ्या लाकडी बाहुल्याची कथा सांगणारा तो रशियन बॅले मुळात नाताळचा. परंतु कतारमधल्या दोहा शहरातल्या पत्रकावर तो 'हिवाळी बॅले' झाला होता, आणि रंगमंचावरचे नाताळचे झाड नुसते 'सजवलेले झाड'. याविषयी मजीद परकारांची तक्रार नव्हती. सेंट पीटर्सबर्गला पहिला प्रयोग झाला त्याला शतकाहून अधिक काळ लोटला, आणि तेव्हापासून ज्याने तो हाती घेतला त्याने तो बदललाच, हे त्यांना ठाऊक होते. माणूस रत्नागिरीचा, लुसैलमधल्या एका कचेरीत कारकून. परंतु मुलगी माहिरा अल गराफाच्या नृत्यवर्गात जाऊ लागल्यापासून त्यांनी या बॅलेविषयी जेवढे वाचले होते, तेवढे वर्ग चालवणाऱ्या बबीता मॅडमनीही वाचले नसावे.

यंदा माहिराला प्रथमच एकटीचा नाच मिळाला. दुसऱ्या अंकात मिठाईच्या राज्यात चॉकलेट, कॉफी, चहा असे एकेक नाच येतात. त्यांतला कॉफीचा, म्हणजे 'अरबी' म्हणवला जाणारा. आजवर ती घोळक्यात हिमकण होऊनच नाचली होती. आता स्वयंपाकघरातल्या ओट्याला धरून ती त्या संथ चालीवर पाय ताणी, आणि तिची आई बिलकिस भाकऱ्या बाजूला सरकवून तिला जागा करून देई.

मग पोशाख घरी आला: चमकीची विजार आणि तोंडावर जाळीचा पडदा. मजीद संतापून आयोजकांच्या बैठकीला गेले.

"ही चाल अरबी नाहीच," त्यांनी सुनावले. "जॉर्जियातल्या एका अंगाईवरून घेतलेली आहे. पडदे, हुक्के, नागिणीसारखे हेलकावे हे सगळे नंतर नाच बसवणाऱ्यांनी घुसडले. आता युरोप-अमेरिकेतली मंडळेही ते काढू लागली आहेत. आणि आपण ते दोह्यात, अरबांच्याच पुढ्यात दाखवणार?"

"कॉस्च्यूम बदलू या ना, परकारसाहेब," बबीता मॅडम म्हणाल्या.

"प्रश्न कपड्यांचा नाही, मॅडम. प्रश्न असत्याचा आहे."

मुख्य आयोजक शौनक इतका वेळ फोनमध्ये बघत होता. त्याने मान वर केली. "म्हणजे लोकल गेस्ट ऑफेंड होतील?"

"झाले तर नवल नाही!" मजीद म्हणाले. वादात हातचे काही राखणे त्यांना जमत नसे. "म्हणूनच सांगतो, चालीला धरून अंगाई बसवा. आई, पाळणा, बस्स. माहिरा करील."

"आता नवीन बसवायला टाइम कुठंय? काढूनच टाकू. चॉकलेटनंतर डायरेक्ट चहा. खलास."

"काढा असे मी म्हणालो नाही."

"अहो, मघापासून दुसरं काय म्हणताय?"

बबीता मॅडमनी शौनककडे पाहिले आणि नावांची यादी उघडली. हिमकणांच्या रांगा भरल्या होत्या. माहिराला पहिल्या अंकातल्या लढाईत हरणाऱ्या उंदरांच्या सैन्यात घेऊ, एवढेच त्या निघताना म्हणाल्या.

"तुमचा सगला खरा हाय," घरी बिलकिस म्हणाली. "तुमी कवा चुकता? पन पोरीचा काय?"

"मी तिच्याच नाचाची अब्रू राखायला गेलो होतो."

"अब्रू ऱ्हायली. नाच गेला."

माहिराने पोशाखाची घडी घालून तो पिशवीत भरला. "इट्स ओके, अब्बा. यू वर करेक्ट." ती नेहमीच इंग्रजीत उत्तर देई आणि ते नेहमीच मराठीत प्रत्युत्तर करीत. या खेपेस त्यांनी नुसती पिशवीची चेन लावून दिली.

प्रयोगाच्या दिवशी मुखवटा असूनही ती ओळखू आली. लहान मुलांच्या मापाची करडी विजार तिच्या पोटऱ्यांपाशीच संपत होती. सैनिकांनी भाले रोखताच ती ठरल्याप्रमाणे आडवी पडली, आणि दोन पोरांनी तिला पाय धरून ओढत विंगेत नेले. प्रेक्षक हसले. दुसऱ्या अंकात चॉकलेटनंतर चहा आला. मध्ये काही नाही, हे कोणाच्या ध्यानातही आले नाही.

बाहेर शौनकने मजीद यांचा हात दोन्ही हातांत धरला. "वाचवलंत, परकारसाहेब! एक कम्प्लेंट नाही. पुढच्या वर्षीही कॉफी कटच ठेवतोय. थँक यू हं!"

हे खोडून काढायला मजीद यांनी तोंड उघडले.

उंदराचे डोके काखेत धरून माहिरा शेजारीच उभी होती.

"यू आर वेलकम, अंकल," ती म्हणाली, आणि आईच्या हाताला धरून गाडीकडे चालू लागली.