दोन बोल्ट

वरून आवाज आला तेव्हा वॉटताई तळमजल्यावरच्या एका खोलीत स्टुलावर उभी राहून खिडकीच्या फटीत स्पंजाची पट्टी दाबून बसवत होती. खाली शिंपीणबाई दोन्ही हातांनी स्टूल धरून उभ्या होत्या. आधी धप्प असा आवाज झाला, मग मूठभर खडे फेकावेत तसा सळसळाट, आणि लगेच पुन्हा धप्प.

"गच्चीवर कोण आहे?" तिनं विचारलं.

"मेकॅनिक गेला बाई आत्ता जिन्यानं," शिंपीणबाई म्हणाल्या. "हातात घण होता त्याच्या. मला वाटलं, काही दुरुस्तीबिरुस्ती असेल."

वॉटताईनं स्टुलावरून थेट उडी मारली आणि जिन्याकडे धावली. "माणसं बोलवा," ती पळता पळता ओरडली. "आणि कुणालाही वायरींना हात लावू देऊ नका!"

वॉटताई हे तिचं नाव नव्हे. कुणाच्याही घरात शिरली की बसायच्या आधी ती छताकडे बोट करून विचारायची, "हा किती वॉटचा?" त्यावरून तीन इमारतींच्या त्या वसाहतीनं तिचं बारसं केलं होतं. पाण्याच्या पंपाशेजारच्या खोलीत ती ऊर्जा केंद्र चालवायची. कुठलं यंत्र किती वीज खातं ते मोजायचा मीटर तिथून आठवडाभर घरी नेता यायचा, जुना बल्ब देऊन नवा घेता यायचा, दारा-खिडक्यांच्या फटी बुजवायचं सामान मिळायचं. गेल्या वर्षी वसाहतीतल्याच बारा जणांना तिनं शिकवून तयार केलं आणि तिन्ही गच्च्यांवर सौर पॅनेल बसवायला घेतली. पंप, लिफ्ट, जिन्यातले दिवे, सगळं आता त्या पॅनेलांवर चालायचं. बारा जणांत सगळ्यांत चपळ होता मेकॅनिकचा धाकटा भाऊ. शेवटचं काम चालू असताना, सव्वीस दिवसांपूर्वी, तो याच गच्चीवरून खाली पडला. सहा मजले.

सहावा मजला चढून ती गच्चीच्या दारात आली तेव्हा तिच्या छातीचा भाता झाला होता. ऊन रणरणत होतं. मेकॅनिक पाठमोरा उभा होता, शर्ट पाठीला चिकटलेला. चार पॅनेल फुटलेली होती. त्यांची काच खाली पडली नव्हती. जागच्या जागी पांढरी झाली होती, मोतीबिंदू झालेल्या डोळ्यासारखी. त्यानं घण उचलला आणि पाचवं फोडलं. दाण्यादाण्यांची काच उडून तिच्या पायापर्यंत आली.

"दादा, थांबा! मराल! वायरींत वीज आहे!"

"बंद कर मग," तो मागे न बघता म्हणाला. "दाब तुझं बटण."

"ऊन आहे तोवर ही बंद होत नाहीत, दादा. पाचशे व्होल्ट आहेत."

"असू दे."

तिनं मागून त्याच्या शर्टाला धरून ओढलं. त्यानं कोपर मागे हाणलं, ते तिच्या बरगडीत बसलं. ती कोलमडली आणि तिचं कपाळ पॅनेलच्या लोखंडी पायावर आपटलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले, भुवईवरून काहीतरी ऊन ऊन खाली आलं. ती उठली. उठली ती सरळ सहाव्या पॅनेलपाशी गेली आणि त्याच्या चौकटीवर तिनं उजवा हात ठेवला. तो थांबेल असं तिला वाटलं.

घण निघालेला होता. तिचा हात त्यानं पाहिला तेव्हा उशीर झाला होता.

मनगट मोडल्याचा आवाज दोघांनीही ऐकला. क्षणभर मेकॅनिकचा चेहरा उतरला, आपण काय करून बसलो हे त्याला कळल्यासारखा. मग त्यानं दात आवळले, तिला खांद्यानं बाजूला ढकललं आणि ते पॅनेलही फोडलं. या वेळी मागची वायर तुटली. तुटलेल्या टोकाशी निळसर ठिणगी चरचरू लागली.

तेवढ्यात माणसं आली. आधी वॉचमन, मग चौथ्या मजल्यावरचे दोघे जुळे भाऊ, त्यांच्यामागे धापा टाकत हेडमास्तर, म्हणजे वसाहतीचे अध्यक्ष. रक्तानं भरलेला वॉटताईचा चेहरा आणि लोंबणारा हात त्यांनी पाहिला, आणि पुढचं कुणाला सांगावं लागलं नाही. वॉचमननं काठी मेकॅनिकच्या गुडघ्यामागे हाणली. घण निसटला. जुळ्यांपैकी एकानं त्याचा गळा मागून आवळला. मेकॅनिकनं डोकं मागे आपटून त्याचं नाक फोडलं. मग मात्र ते तिघे त्याच्यावर तुटून पडले. लाथा पोटात बसत होत्या, पाठीत बसत होत्या. हेडमास्तर पायातली चप्पल काढून हातात घेऊन, जागा मिळेल तिथे, त्याच्या डोक्यात मारत होते. या माणसानं जिन्यात दंगा करणाऱ्या पोरांनाही कधी आवाज चढवून हटकलं नव्हतं.

"पुरे! सोडा त्याला!" वॉटताई ओरडली. तिच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

"काच आवडते ना तुला?" नाक फुटलेला जुळा म्हणाला. तोंडातून रक्त उडत होतं. "चल, चाट!"

दोघांनी मेकॅनिकच्या काखेत हात घातले आणि त्याला फरफटत फुटलेल्या पॅनेलांकडे नेऊ लागले. ठिणगी कुणालाच दिसली नव्हती. उन्हात ती दिसतही नव्हती, नुसती चरचर ऐकू येत होती, तीही ज्याला ठाऊक असेल त्यालाच.

पाण्याच्या टाकीखाली निळी ताडपत्री घडी करून ठेवलेली होती. वॉटताईनं तिचं एक टोक डाव्या हातात धरलं, दुसरं दातांत पकडलं आणि ती धावली. मोडलेला हात अंगावर आपटत होता. तिनं ताडपत्री पॅनेलांच्या रांगेवर भिरकावली, अर्धी पसरली, उरलेली गुडघ्यांनी रेटत शेवटापर्यंत नेली आणि स्वतःच तिच्यावर पालथी पडून राहिली. अंधार झाला तशी पॅनेलं मेली. चरचर थांबली.

दोन श्वासांनी मेकॅनिकचा गाल तिच्या डोक्याशेजारी ताडपत्रीवर आदळला.

त्याच्या पाठीवर पाय ठेवून दुसरा जुळा ओरडत होता, "भाऊ स्वतःच्या चुकीनं मेला तुझा! पट्टा लावला नाही त्यानं. कागदावर लिहिलंय तसं! आणि राग आमच्यावर काढतोस होय?"

तो कागद वॉटताईनंच लिहिला होता. केंद्राच्या अहवालात, तिसऱ्या ओळीत: 'सुरक्षा पट्टा लावलेला नव्हता.' त्या वाक्यात एक अक्षरही खोटं नव्हतं. म्हणून तर गेले सव्वीस दिवस तिला ते पाठ होतं. मेकॅनिकचा सुजलेला डोळा तिच्यापासून वीतभर अंतरावर होता आणि तिच्याकडेच बघत होता.

"पट्टा नव्हताच," ती म्हणाली.

कुणाला ऐकू गेलं नाही. ती कोपरावर उठून बसली आणि मोठ्यानं म्हणाली, "पट्टा नव्हताच गच्चीवर. केंद्राकडे एकच आहे, तो मी समोरच्या इमारतीत पाठवला होता. याचा भाऊ म्हणाला, पट्टा येईपर्यंत थांबतो, ताई. मी म्हटलं, दोनच बोल्ट राहिलेत. उरकून टाक."

जुळ्याचा पाय हळूच खाली आला. वॉचमननं काठी पाठीमागे नेली. हेडमास्तरांना हातातली चप्पल दिसली तशी त्यांनी ती खाली टाकली आणि पायानं चाचपत घातली.

मेकॅनिक तळव्यांवर जोर देऊन उठला, कठड्याला पाठ टेकून बसला. ओठ फाटला होता. बोलताना त्याला शब्द जुळवावे लागत होते.

"थांबतो म्हणाला होता?"

"हो."

"त्यानं स्वतःहून?"

"हो, दादा. दोनदा म्हणाला."

त्यानं मान हलवली. मनगटानं तोंड पुसलं, ते रक्त विजारीला पुसलं. "मी रोज शिव्या घालतोय त्याला," तो म्हणाला. "रोज, ताई. गॅरेजमध्ये, घरात, जेवताना. पट्टा लावायला काय झालं होतं म्हणून. आईला त्याचा फोटोसुद्धा लावू दिला नाही मी."

खाली अंगणात शिंपीणबाई वर बघून विचारत होत्या, काय झालं, काय झालं. त्यांना उत्तर द्यायला कठड्याशी कुणी गेलं नाही. हेडमास्तरांनी खिशातून फोन काढला होता. आकडे दाबून झाले होते, पण अंगठा पुढे जाईना.

"पोलिसांना," त्यांनी घसा साफ केला, "म्हणजे, नक्की काय सांगायचं?"

"दोन्ही सांगा," वॉटताई म्हणाली. "आजचं आणि त्या दिवशीचं."

मोडलेला हात पोटाशी धरून ती ताडपत्रीवरून उतरली. टाकीच्या सावलीची एक अरुंद पट्टी कठड्याशी पडली होती, तिथे मेकॅनिक बसला होता. ती त्याच्या शेजारी जाऊन बसली.

तो सरकला नाही. उठूनही गेला नाही.