बोडीच्या वळणावरचा सडा

धानाच्या दाण्याला भिणारी सायकलपटू म्हटलं तर लोक हसतील. पण तृप्ती भीत होती, आणि लपवायचं म्हटलं तरी लपत नव्हतं. गेल्या वर्षी विद्यापीठाच्या सायकल स्पर्धेत, कुणीतरी रस्त्यावर वाळत घातलेल्या धानावर तिचं चाक गेलं, दाण्यांवरून सटकलं आणि ती डांबरावर आपटली. गळ्याजवळचं हाड मोडलं. हाड जुळून आलं, पण वेगात असताना पुढे काही पिवळं दिसलं की तिची बोटं आपोआप ब्रेकवर जायची. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. तृप्ती तर पाणीही फुंकून पीत होती.

आणि यंदा स्पर्धेचा रस्ता नेमका तिच्याच गावातून. साकोलीजवळ हायवे सोडून जंगलाकडे वळतो तो. त्या रस्त्यानं जायचं, दूर ठेवलेल्या ड्रमला वळसा घालायचा आणि तसंच परत यायचं. टाइम ट्रायलमध्ये सगळ्यांना एकदम सोडत नाहीत. मिनिटा-मिनिटाच्या अंतरानं एकेकीला सोडतात आणि जिला सर्वांत कमी वेळ लागला ती जिंकते. पुढचीच्या पाठीमागे लपून वारा चुकवायची सोय नाही. भीतीसुद्धा एकटीनंच वाहून न्यायची. पहिल्या चौघींना विद्यापीठाच्या संघात जागा होती. तृप्तीचं कॉलेजचं शेवटचं वर्ष, म्हणजे ही संधीही शेवटचीच.

गेल्या वर्षी जिची शर्यत अर्धवट राहिली तिला आधी सोडायचं असं ठरलं होतं. तशी एकटी तृप्तीच होती. बाकीच्यांच्या चिठ्ठ्या टाकल्या, त्यात तिच्या लगेच मागे आली खुशबू, शहापूरची, गेल्या वर्षीची चौथी.

"झोपली होती का रात्री?" क्रीडाशिक्षक मंगेश सरांनी तिची सायकल धरत विचारलं.

"नाही सर."

"धान डोक्यातून काढून टाक. तुह्या गावच्या लोकाईनं रस्ता झाडून ठेवला आहे. मी सोता पाहून आलो. एक दाना नाही."

तृप्तीनं मान हलवली. शिट्टी वाजली आणि ती सुटली.

गावाजवळ आली तेव्हा तिनं श्वास रोखून धरला. पण सर खरं बोलले होते. रस्ता आरशासारखा. धान कडेला ताडपत्रीखाली, गावकरी दोन्ही बाजूंना उभे. बोडीच्या वळणावर, म्हणजे गावच्या लहानशा तळ्याची पाळ जिथं रस्त्याला टेकते तिथं, तिची आई निर्मलाबाई ठेवणीतलं पातळ नेसून बायांच्या घोळक्यात उभी होती.

"भेऊ नोको वो माय! जाजो सरळ!" आई ओरडली.

तृप्ती सरळ गेली. ब्रेकला हात न लावता त्या वळणावरून गेली, आणि वर्षभरात पहिल्यांदा तिला छातीभर श्वास घेता आला.

ड्रमला वळसा घालून ती परतीला लागली आणि समोरून खुशबू येताना दिसली. पण दिसली ती बरीच उशिरा. सुटताना दोघींत जेवढं अंतर होतं, त्याहून कितीतरी जास्त आता पडलं होतं. म्हणजे आपण गेल्या वर्षीच्या चौथीपेक्षा वेगात आहोत! तिच्या मागून येणाऱ्या पोरीही लांबच होत्या. तृप्तीच्या अंगात वारं संचारलं. जागा मिळणार होती. आता फक्त जसं आलो तसं परत जायचं होतं.

गावाच्या आधी उतार आहे. उताराच्या शेवटी बोडीचं वळण. तृप्ती मान खाली घालून उतारावरून सुसाट निघाली आणि वळणावर तिनं डोकं वर केलं.

रस्ता ओला होता. पाळीपासून पार देवळापर्यंत हिरवागार, शेणाचा सडा. ताजा, दाट, अजून पाण्यानं चमकणारा. पलीकडच्या टोकाला रांगोळी, आणि रांगोळीच्या मागे हातात आरतीचं ताट घेऊन आई.

आता यात बायांचा काय दोष? शेवटची पोरगी ड्रमकडे गेली, रस्ता मोकळा झाला आणि त्यांनी बादल्या उचलल्या. गावची लेक नाव काढून परत येणार, तर तिच्या वाटेवर सडा-रांगोळी नको? देवाची पालखी येते तेव्हा टाकतातच की. पण पालखी चालत येते.

तृप्तीच्या तोंडचं पाणी पळालं. ब्रेक दाबावा तर पडणार. वळावं तर पडणार. गेल्या वर्षीचा तो आवाज, आपल्याच हाडाचा, तिला पुन्हा ऐकू आला. तिनं हँडल सोडलं नाही, पायडल मारलं नाही, नुसती जीव मुठीत धरून बसली. मागचं चाक निसटलं आणि बोडीकडे ओढत निघालं. पाळीचे दगड एवढे जवळ आले की त्यांवरचं शेवाळ दिसलं. मग कडेच्या कोरड्या मातीनं चाक कसंबसं धरलं, सायकल दोनदा हेलकावली आणि सरळ झाली.

वाचली. बाया ओरडत होत्या, टाळ्या वाजवत होत्या. रांगोळीच्या बाजूनं ती पुढे निघाली. समोर कोरडा, मोकळा रस्ता.

"तनीस टाका! सड्यावर तनीस टाका!" पेंढ्यावर चाक धरेल म्हणून ती मागे वळून ओरडली. बायांना वाटलं, पोरगी आनंदानं ओरडून राहिली. त्यांनी हात हलवले.

तिनं पायडल मारलं. आणखी चार-सहा वेळा मारलं. आणि मग तिला जी भीती वाटली, तिच्यापुढे मघाची काहीच नव्हती. खुशबू येत होती. तिला काय माहीत? ती याच उतारावरून मान खाली घालून येणार, आणि पाळीचे दगड तिथंच आहेत. तिच्या मागे आणखी पोरी.

थांबलं तर जागा गेली. नाही थांबलं तर?

तृप्तीनं सायकल रस्त्याच्या कडेला टाकली आणि उलटी पळत सुटली. सायकलचे बूट चालायच्या कामाचे नसतात. सड्यात ती दोनदा गुडघ्यांवर पडली. आई ताट घेऊन पुढे आली, तिला बाजूला सारून ती वळणाच्या वर पोहोचली आणि दोन्ही हात पसरून रस्त्याच्या मधोमध उभी राहिली.

खुशबू दिसली. वेगात होती. तृप्ती ओरडत होती. क्षणभर वाटलं, आता ही अंगावरच येते. मग ब्रेक करकरले.

"पागल झाली का वो? हट ना!"

"सडा हाये समोर! मातीवरून जा, हळू!"

खुशबूनं पुढचा हिरवा रस्ता पाहिला, तिचा चेहरा पडला, आणि ती कडेच्या मातीवरून हळूहळू पुढे गेली. तोवर देवळाजवळच्या गड्यांच्या ध्यानात आलं. धानाची तनीस भाऱ्यानं येऊन सड्यावर पडू लागली. मागच्या पोरी एकेक करून थांबत-सावरत गेल्या. तृप्ती शेवटची पोरगी जाईपर्यंत हात पसरून उभी होती. तिची जागा त्यांच्यासोबतच गेली, आणि ते तिला चांगलं कळत होतं.

निर्मलाबाई धापा टाकत वर आली. चेहरा आनंदानं फुललेला.

"सगळ्याईच्या पुढं आलीस ना माये! पह्यली! मंग त्या पोरीले काहून थांबवत होतीस? त्याईलेबी ओवाळलं असतं मी."

तृप्तीला रडू आलं, रागही आला. तिनं फक्त बोट दाखवलं.

सड्यावर चाकाची रेघ उमटली होती. सरळ येत होती, मग वाकडी होऊन पाळीकडे गेली होती. दगडांपासून हातभर अंतरावरून परत फिरली होती. निर्मलाबाईनं ती रेघ पाहिली. एकदा दगडांकडे पाहिलं, एकदा लेकीच्या शेणानं माखलेल्या गुडघ्यांकडे.

"माय वो," ती पुटपुटली. "हे म्या केलं?"

ताट तिच्या हातात खडखड वाजू लागलं.

"तुही शर्यत गेली का वो?"

"गेली."

"अन् त्या पोरी?"

"गेल्या सगळ्या. धड गेल्या."

निर्मलाबाई ताट खाली ठेवायला वाकली. तृप्तीनं तिचं मनगट धरलं.

"ओवाळ आधी. मले अजून शर्यत पुरी करायची हाये."

"कशी ओवाळू? हात थरथरून राहिले माहे."

"थरथरू दे," तृप्ती म्हणाली. "माहेबी थरथरून राहिले."

तिनं हेल्मेट काढलं आणि मान पुढे केली.