अजून अर्धा आटा

भाऊजींना मारणारा बोल्ट माझ्या टेबलावर आला तेव्हा तो पारदर्शक पिशवीत होता आणि पिशवीवर छापलं होतं, 'जपून हाताळा'. आता जपण्यासारखं काय उरलं होतं ते त्या बोल्टलाच ठाऊक.

मी तुटलेल्या वस्तूंचे फोटो काढतो. कुठे काही मोडलं, फाटलं, फुटलं की त्याचा तुकडा आमच्या लॅबमध्ये येतो, मी त्याचे अगदी जवळून फोटो काढतो आणि ते बघून साहेब तो का मोडला ते लिहितात. आई नातेवाइकांना नुसतं 'फोटोग्राफर' सांगते. मग ते मला वाढदिवसांना बोलावतात. तिथे सगळे धडधाकट असतात, फोटो चांगले येत नाहीत.

"तुझ्या बहिणीचा नवरा ना रे हा?" साहेबांनी विचारलं. "दुसऱ्या कोणाला देऊ का काम?"

मी आजूबाजूला पाहिलं. आमच्या लॅबमध्ये दुसरं कोणी म्हणजे छताचा पंखा.

"करतो मी."

"मग नीट कर. मी तुझ्या फोटोवरूनच लिहिणार आहे." साहेबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शक बंद ठेवायला सांगितला होता. "आणि त्या तिन्ही सॉफ्टवेअरची तुलना करायची राहिलीय ना? यावरच करून टाक. एका दगडात दोन पक्षी."

दोन पक्षी आधीच मेलेले होते, पण साहेबांच्या ते लक्षात आलं नसावं.

भाऊजी फिटर होते. क्रेनचा हात ज्या बोल्टवर होता तो तुटला, हात खाली आला. खाली भाऊजी होते आणि शेजारी एक वेल्डर होता. दोघंही गेले. आता प्रश्न एवढाच होता की बोल्टला आधीपासून तडा होता, की आदल्या दिवशी भाऊजींनी तो नको इतका आवळला होता. तडा असेल तर दोष जुन्या बोल्टचा. आवळला असेल तर भाऊजी एकटे गेले नाहीत, वेल्डरला सोबत घेऊन गेले.

वेल्डर ताईच्याच इमारतीत, एक मजला खाली राहायचा, त्याच्या आईबरोबर. आम्ही तिला मावशी म्हणायचो. ताई जिन्यात दिसली की मावशी भिंतीकडे तोंड करून उभी राही, ताई निघून जाईपर्यंत. कचरा टाकायला जायचं तरी ताई आधी दाराला कान लावायची.

"मला भरपाई नको, काही नको," ताई मला म्हणाली होती. "त्यांची चूक नव्हती एवढं कोणीतरी लिहून द्या. मला हा जिना रोज उतरायचाय."

अडचण अशी होती की भाऊजींना आवळायची हौस होती. 'अजून अर्धा आटा' हे त्यांचं आयुष्याचं तत्त्वज्ञान. नळ, खुर्च्या, बरण्यांची झाकणं, काही सुटलं नाही. साखर हवी असली तर ताई नवरा कामावरून यायची वाट बघायची. एकदा त्यांनी बाबांच्या चष्म्याचा स्क्रू आवळून दिला. त्यानंतर तो चष्मा मिटलाच नाही. बाबा तो उघडाच उशाशी ठेवतात आणि सकाळी तो त्यांच्याकडे बघत असतो.

इतक्या जवळून फोटो काढला की कागदाच्या जाडीएवढाच भाग स्पष्ट येतो, पुढचं-मागचं सगळं धूसर. म्हणून कॅमेरा केसाएवढा पुढे सरकवत फोटोंची चळत काढायची आणि सॉफ्टवेअरला द्यायची. ते प्रत्येक फोटोतला फक्त स्पष्ट भाग उचलतं आणि सगळ्यांचा मिळून एक संपूर्ण स्पष्ट फोटो बनवतं. म्हणजे जो फोटो कधी कोणी काढलाच नाही तो. याला फोकस स्टॅकिंग म्हणतात आणि यावर लोकांची पोटं चालतात.

आमच्याकडे आलेल्या तीन सॉफ्टवेअरना मी थोरली, मधली आणि धाकटी म्हणायचो, कारण तिघी जावांसारख्या होत्या. एकीचं दुसरीशी पटत नसे. थोरली महाग, संथ, खानदानी; अजून विकत घेतली नव्हती म्हणून प्रत्येक फोटोवर 'फक्त चाचणीसाठी' असा शिक्का मारायची. मधली झटपट, पण सगळ्यांच्या तोंडाला पावडर लावायची. धाकटी फुकट होती आणि तिला सगळं दिसायचं. धूळ, केस, बोटाचा ठसा, सगळं.

मी बोल्टचं तुटलेलं तोंड वर करून तो पोरांच्या खेळायच्या क्लेमध्ये रोवला, दिवे लावले, चळत काढली, तिघींना दिली.

थोरलीने खडबडीत राखाडी पृष्ठभाग दाखवला, त्यावर आडवं 'फक्त चाचणीसाठी'. मधलीने तोच पृष्ठभाग, जरा गोरा. धाकटीने मात्र कडेजवळ कमानी दाखवल्या. कडेला समांतर, एकीत एक, झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारख्या. या धंद्यात दोन महिने काढलेल्यालाही कळतं की अशा रेघा म्हणजे जुना तडा, थोडा थोडा वाढत गेलेला.

मी तुलनेच्या तक्त्यात धाकटीपुढे लिहिलं, 'बारकावे टिपण्यात सर्वांत सरस'. मग तो फोटो मोबाइलवर घेतला आणि जेवणाच्या सुट्टीत ताईकडे गेलो. साहेबांना दाखवायच्या आधी.

ताईने फोटो बराच वेळ पाहिला. "ह्या रेघा?"

"हा तडा. भाऊजींनी हात लावायच्या कितीतरी आधीचा."

ती उठली. माझा मोबाइल घेऊन तशीच खाली गेली. मी वर उभा. खालून आधी ताईचा आवाज आला, मग कोणाचाच नाही. बऱ्याच वेळाने दोघी वर आल्या. मावशी आत आली, खुर्चीवर बसली आणि इकडेतिकडे बघून म्हणाली, "खुर्ची हलत नाही गं तुझी जराही."

"नाही," ताई म्हणाली. "ती आता कधीच हलणार नाही."

आणि दोघी हसल्या. त्या हसण्याला काय म्हणतात मला माहीत नाही. तसा शब्द असेल तर तो वापरायची वेळ कोणावर येऊ नये. मग मावशी रडायला लागली, ताईने चहा टाकला आणि मी कामावर परत आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेबल आवरायला घेतलं. बोल्ट वाकडा झाला होता. म्हणजे बोल्ट नव्हता वाकला, क्ले बसली होती. दिव्यांच्या उष्णतेने ती मऊ पडते, आणि मऊ क्लेमधला जड बोल्ट हळूहळू कलतो, बैठकीत पेंगणाऱ्या माणसासारखा. पहिल्या फोटोपासून शेवटच्या फोटोपर्यंत तो कलतच गेला असणार. दर फोटोत त्याची कड जरा सरकलेली. थोरली आणि मधलीने ती सरकलेली कड पुसून टाकली. धाकटीला सगळं दिसतं, म्हणून तिने प्रत्येक फोटोतली कड जपून ठेवली. एकीत एक. कमानीसारखी.

मी चळतीतले फोटो सुटे उघडून पाहिले. आदल्या दिवशी एकही पाहिला नव्हता. मनासारखं स्थळ आलं की चौकशी कोण करतं? एकाही फोटोत रेघ नव्हती. बोल्ट वाइसच्या लोखंडी जबड्यात घट्ट पकडून पुन्हा चळत काढली. तिन्ही जावांचं पहिल्यांदाच एकमत झालं. राखाडी, खरखरीत, पाव तोडावा तसं एका झटक्यात तुटलेलं. आटे ताणून लांबलेले.

साहेब डोळ्यांत थेंब घालून खुर्चीवर मान मागे टाकून बसले होते. "झालं का रे? कोणती घ्यायची?"

दोन्ही फोटो माझ्याकडे होते. कालचा दिला असता तर साहेबांनी तडा लिहिला असता, सही केली असती आणि जिन्यात कोणी भिंतीकडे तोंड केलं नसतं. मी आजचा दिला. यात शौर्यबिर्य काही नाही. कालच्या फोटोत एकाच बोल्टला सात कडा होत्या, आणि ते एकदा दिसलं की दुसरं काही दिसत नाही.

साहेबांनी फोटो डोळ्यांपासून दूर धरला, जवळ धरला. "जास्त आवळलाय," ते म्हणाले. मग म्हणाले, "घरी जायचं असेल तर जा."

"तुलनेचा तक्ता बदलायचाय."

"तो उद्या बदल."

ताईने दार उघडलं आणि माझं तोंड बघून दार अर्धंच ठेवलं. आतून मावशीचा आवाज येत होता. ती ताईच्या मुलीला दहापर्यंत मोजायला शिकवत होती आणि मुलगी सहा मुद्दाम गाळत होती.

"फोटो चुकीचा होता," मी म्हणालो. "माझी चूक. तडा नव्हता."

ताईने विचारलं, "अर्धा आटा?"

"हो."

"कागद गेला?"

"गेला. साहेबांनी सही केली."

मला वाटलं ती मला मारेल. मी गाल जरा पुढेही केला होता. ती म्हणाली, "इथेच थांब," आणि आत गेली. मला फक्त तिचा आवाज ऐकू येत होता, शब्द नाहीत. मोजणं थांबलं. मग मुलगी एकटीच म्हणाली, "सात."

मावशी बाहेर आली. माझ्याजवळून गेली, मी भिंत असल्यासारखी. चपला माझ्या पायाशी होत्या, त्या न घालताच जिना उतरली. कठड्याला धरून, एकेक पायरी.

ताई दारात आली. तिने चपला पाहिल्या.

"मी देऊन येतो," मी म्हणालो.

"तू गप्प बस."

तिने त्या उचलल्या, पदराने पुसल्या, का ते कळलं नाही, आणि खाली गेली. मी कान लावून उभा राहिलो. टकटक ऐकू आली. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टकटक. मग कडी निघाल्याचा आवाज.

ताई रिकाम्या हाताने वर आली.

"घेतल्या?"

"घेतल्या."

"काही बोलल्या?"

"नाही. दार लावून घेतलं." ती आत जाऊन त्या न हलणाऱ्या खुर्चीवर बसली. मुलीला मांडीवर ओढून तिचे केस नीट करत राहिली. "हळू लावलं पण," ती म्हणाली.