ढवळणं थांबलं तेव्हा

सकाळी आठला हिमवादळाने विंडसर शहराच्या विजेच्या तारा तोडल्या आणि कारखान्यातली रंगाची टाकी ढवळणारा पंप बंद पडला. बावीस वर्षं त्या टाकीपाशी काढलेल्या लॉर्ना ड्रुयार्डला पंपाची घरघर नवऱ्याच्या घोरण्यासारखी. थांबली की दचकायला होतं.

चाळीस हजार लिटर राखाडी रंग. पाण्यात तरंगणारे बारीक कण, सगळ्यांवर एकाच जातीचा विद्युतभार, म्हणून एकमेकांना जवळ फिरकू देत नाहीत. गाडीचा सुटा भाग बुडवून वीज सोडली की मात्र सगळे त्याला जाऊन बिलगतात, कानाकोपऱ्यातसुद्धा. पण ढवळणं थांबलं की जड कण तळाशी बसतात आणि दगड होतात. टाकी गेली तर सतरा माणसांचा कारखाना गेला.

जनरेटर दोनदा खोकला आणि गप्प झाला. बाहेर उणे अठरा. आतलं डिझेल लोण्यासारखं थिजलेलं.

"हे उन्हाळी डिझेल आहे, लॉर्ना," मालक एमिल म्हणाला.

थंडीआधी ते काढून न थिजणारं हिवाळी डिझेल भरायचं काम तिचंच. यंदा थंडी यायची लांबली, आणि तिनेही ते काम लांबवलं. दर सोमवारी मिनिटभर जनरेटर चालवून तपासणीच्या वहीत 'सगळं ठीक' म्हणून सही मात्र ठोकत होती.

"हेअर ड्रायर लावू?"

"कशावर लावतोस, एमिल?"

गॅसवर उकळलेल्या पाण्याच्या किटल्या डिझेलच्या नळीवर ओतून झाल्या, तोवर जनरेटर सुरू करायची बॅटरीही मेली. भाड्याचा जनरेटर आणावा तर रस्ते बंद. शेवटी एमिलने गाडीतून होडीची वल्ही आणली आणि दोघं टाकीच्या दोन बाजूंना उभी राहिली. वल्हं पोचायचं मीटरभर. टाकी तीन मीटर खोल.

"एवढ्यात एरी सरोवर पार झालं असतं," एमिल धापा टाकत म्हणाला.

"तुझ्या वल्हवण्याने? अजून काठावरच असतो."

दर तासाला ती लांब दांडा तळाला टेकवून बघायची. बाराला बोटभर चिखल. तीनला वीतभर. मग दांडा गाळात रुतून आपला आपण उभा राहू लागला, आणि तिने एमिलला ते सांगितलं नाही. वल्हं मारत राहिली.

पाचला वीज आली. पंप गुरगुरला, पण तळाच्या तोट्या चोंदलेल्या; रंग हललाच नाही. तिने नमुन्याचा पत्रा टाकीत सोडला, वीज दिली, दोन मिनिटं मोजली. पत्रा वर आला तो विरळ रंगाचा, ठिकठिकाणी उघडा.

"आले की गं कण," एमिल हलकेच म्हणाला.

"उरलेत तेवढे आले." तिने पत्रा त्याच्या हातात दिला. "वहीत सही माझी आहे, एमिल."

"वाचता येतं मला," तो म्हणाला, आणि ओला पत्रा दोन्ही हातांनी धरून उभा राहिला.