पट्ट्यावरचा आळ

मित्रांनो, मी एक जुना चामड्याचा पट्टा आहे, आणि पुढचं काही सांगण्याआधी एक गोष्ट सांगून टाकतो: मी आजवर कुणालाही मारलेलं नाही. तुम्ही म्हणाल, कुणी विचारलं नाही तरी हा खुलासा का करतोय? कारण तुमची नजर मला ठाऊक आहे. पट्टा म्हटलं की माणसांच्या डोळ्यांपुढे कंबर येत नाही, पाठ येते.

एका कारागिरानं मला कापलं, माझे काठ घासून गुळगुळीत केले, पितळी बक्कल शिवलं आणि आरीनं ओळीत भोकं पाडली. नळ दुरुस्त करणाऱ्या एका तरुण प्लंबरनं मला विकत घेतलं. तेच पुढे लंबूचे बाबा झाले. त्यांच्या कमरेला राहून मी किती मोऱ्या पाहिल्या, किती बेसिनांखाली वाकलो, त्याची गणती नाही. जड पाना माझ्यात अडकवून ते जिने चढायचे आणि गिऱ्हाइकांना अभिमानानं सांगायचे, "हा पट्टा माझ्यापेक्षा टिकेल." मी मनातून फुगायचो.

पण एक गोष्ट मला खटकायची. घरी आले की बाबा मला घाईघाईनं काढायचे, दारामागच्या खुंटीवर टांगायचे आणि वर शर्ट घालून पार झाकून टाकायचे. मला वाटायचं, यांना माझी लाज वाटते की काय? खरं कारण मला आईच्या तोंडून कळलं. ती फोनवर बहिणीला सांगत होती, की सासरे ऊठसूट पट्टा काढायचे, आणि यांच्या लहानपणाची सगळी आठवण तेवढीच आहे. आपल्या हातात पट्टा मुलानं कधी बघू नये, म्हणून बाबांचा तो आटापिटा. मी शहाण्यासारखा शर्टाखाली गप्प राहू लागलो.

मग लंबूला पंधरावं लागलं आणि पोरगा ताडमाड वाढला. सुट्टीआधी शिवलेली पँट सुट्टीनंतर घोट्याच्या वर गेली. त्याच सुमारास तो कडी लावून कपडे बदलायला लागला. अंघोळीला गेला की बाहेर येईना. पोहायला जाणं तर त्यानं बंदच केलं. विचारलं की म्हणे पाणी गार असतं. आई म्हणाली, कुठंतरी पाणी मुरतंय. मलाही तसंच वाटलं. कडी लावणाऱ्या माणसावर माझा विश्वास नाही.

एका सकाळी लंबू बुटांच्या नाड्या बांधायला वाकला आणि त्याचा शर्ट वर सरकला. कमरेच्या वर, एकीखाली एक, आडव्या जांभळट रेघा होत्या. आईच्या हातातली इस्त्रीच्या कपड्यांची चळत तशीच राहिली. काय रे हे, असं तिनं विचारलं, तर त्यानं झटकन शर्ट खाली ओढला आणि दप्तर घासलं म्हणाला. दप्तर इतकं खाली येत नाही, हे तिलाही कळत होतं आणि मलाही. आई वळली आणि तिनं दारामागचा शर्ट बाजूला करून थेट माझ्याकडे पाहिलं.

त्याच आठवड्यात मार्कांवरून बाबांचा आवाज चढला होता. खाण तशी माती, असं ती पुटपुटली आणि तिनं मला जुन्या पांघरुणांच्या सुटकेसमध्ये दडवलं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी पट्ट्यासाठी घर डोक्यावर घेतलं. आई म्हणाली, मला काय ठाऊक, आणि त्यांचा चेहरा निरखत राहिली. एका पट्ट्यापायी माणूस एवढा कासावीस होतो म्हणजे काय ते समजा, असा तिनं हिशेब केला. बाबा बिचारे पँटला सुतळी बांधून कामावर गेले. त्यांना वाटत होतं लंबूनंच पट्टा लांबवला, कारण पोरगा हल्ली चोरासारखा वावरतो. त्या घरात सगळे सगळ्यांकडे तिरक्या नजरेनं बघत होते आणि विचारत मात्र कुणीच नव्हतं. मी पांघरुणांत पडल्या पडल्या स्वतःवरच संशय घेऊ लागलो. खुंटीवरून पडताना माझं बक्कल त्याला लागलं तर नसेल? अंधारात कोंडलं की निर्दोषालाही आपली शंका येते.

शेवटी आईनं ठरवलं, लंबूला त्वचेच्या डॉक्टरांना दाखवायचं. डॉक्टर जर म्हणाल्या की हे माराचे वळ आहेत, तर त्याला घेऊन तिथूनच भावाच्या घरी जायचं आणि परत यायचं नाही. तिनं बॅगेत दोघांचे कपडे भरले आणि पुरावा म्हणून मला वर ठेवलं.

डॉक्टरीणबाईंनी पाठ बघितली आणि आईला जरा बाहेर बसायला सांगितलं. बॅग खुर्चीवरच राहिली, म्हणून मला सगळं ऐकू आलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "घरात तुझ्यावर कुणी हात उचलतं का?"

लंबूला आधी प्रश्नच कळला नाही. "कोण, बाबा? ते ओरडतात. पण चिडले ना, की दोन्ही हात खिशात घालतात."

आई आत आली तेव्हा तिनं मला काढून टेबलावर ठेवलं. डॉक्टरीणबाईंनी मला उचलून लंबूच्या पाठीला लावून पाहिलं. माझी रुंदी एकाही रेघेशी जुळेना. माराचा वळ सुजतो, काळानिळा पडतो, कसाही वेडावाकडा उठतो आणि थोड्या दिवसांत जातो, असं त्यांनी समजावलं. या रेघा बोटाला किंचित खोलगट लागत होत्या, आणि कण्याच्या दोन्ही बाजूंना सारख्या होत्या.

"हे स्ट्रेच मार्क्स आहेत," त्या म्हणाल्या. "मुलगा झपाट्यानं वाढला. कातडीच्या आतल्या थराला तेवढ्या वेगानं ताणलं जाणं जमलं नाही, तो जरासा उसवला. त्यात कुणाचा दोष नाही."

लंबू मान खाली घालून म्हणाला, हे तर फक्त बायकांना होतात, बाळंतपणात. पोहायला आलेल्या मुलांनी त्याला तसंच चिडवलं होतं. म्हणून त्या कड्या! तो रोज टाचा घासायच्या दगडानं पाठ घासत होता, वर लिंबू चोळत होता आणि दुकानातून आणलेलं 'डाग गायब' करणारं मलम लावत होता. डॉक्टरीणबाईंनी ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचली आणि ती बाजूला ठेवून दिली. असलं स्टेरॉईडचं मलम मनानं लावत राहिलं की कातडी पातळ होते आणि अशा रेघा उलट वाढतात, हे त्यांनी बजावलं. घासणं बंद, लिंबूही बंद. खाज सुटली तर साधं मॉइश्चरायझर. रेघा ताज्या असताना काही औषधांनी किंवा लेझरनं थोड्या फिक्या होतात, पण पार पुसत नाहीत, आणि याला त्याची गरजही नाही. हळूहळू रंग आपणच उतरेल.

लंबूनंच मला गुंडाळून हातात घेतलं आणि विचारलं, "आई, बाबांचा पट्टा तू कशाला आणलास?" तिनं भरलेली बॅग उचलली आणि ती दाराकडे वळली. बसस्टॉपपर्यंत जाताना त्याचं त्यालाच ते समजलं.

संध्याकाळी तिनं बाबांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ हाताचं ग्रीस धूत राहिले. मग एवढंच म्हणाले, "मला विचारायचंस ना."

"विचारलं असतं," आई म्हणाली, "आणि तुम्ही हो म्हणाला असतात तर?"

बाबांनी मला कमरेला लावलं नाही. ते सुतळीवरच कामाला जात राहिले आणि मी खुंटीवर धूळ खात पडलो. सुटलो होतो खरा, पण कुणालाच नको होतो. फार वाईट वाटायचं.

मग एका सुट्टीच्या दिवशी लंबूनं मला काढलं. त्याच्या नव्या पँटा कमरेला ढगळ होत होत्या. बाबा, हा मला द्या आणि एक भोक पाडून द्या, असं म्हणून त्यानं शर्ट काढला आणि त्यांच्याकडे पाठ करून उभा राहिला. पोराची उघडी पाठ आणि मागे मला हातात धरलेले बाबा! आई चहा घेऊन दारात आली आणि जागीच थबकली.

"पोट आत ओढू नकोस," बाबा म्हणाले, "मोकळा उभा राहा." त्यांनी मला त्याच्या कमरेभोवती फिरवलं, खिळ्यानं खूण केली आणि मला लाकडी पाटावर ठेवून भोक पाडलं. आईनं चहा टेबलावर ठेवला, पण ते भोक पडेपर्यंत ती दारातून हलली नाही.

मित्रांनो, आईला मी नावं ठेवत नाही. उद्या तिला पुन्हा रेघा दिसल्या तर तिनं पुन्हा शंका घ्यावी. तुम्हीही घ्या. माझ्याकडे बघून थबकलात तरी चालेल. पण मग ज्याची पाठ आहे त्याच्याजवळ जाऊन बसा आणि त्याला विचारा. आणि ती पाठ तुमची स्वतःची असेल, तर कडी काढा.