आमची इमारत, समोरून

आमच्या इमारतीचं रूप बदलायची चर्चा सुरू झाली, तेव्हा सगळ्यांत मोठा आवाज अध्यक्षांचा होता आणि सगळ्यांत बारीक माझा. त्यात नवल नाही. मी जन्मभर ग्रंथपाल होतो. शांतता राखायची सवय हाडात मुरली आहे.

अध्यक्षांना दर्शनी भिंतीच्या विटा चकचकीत पत्र्यांखाली झाकायच्या होत्या. पत्र्यांचे नमुने त्यांनी फाटकाशीच मांडून ठेवले होते. येणारा-जाणारा त्यांवरून हात फिरवायचा, त्यात स्वतःचा चेहरा बघायचा आणि "वा!" म्हणायचा.

माझी सून इमारतींचे आराखडे करते. तिचं म्हणणं साधं होतं : विटा धुवाव्यात, त्यांच्यामधल्या दरजा नव्याने भराव्यात, बाकी भिंतीच्या वाटेला जाऊ नये. आजवर परक्यांसाठी राबलेली ही पोर पहिल्यांदाच स्वतःच्या घरासाठी काही मागत होती. पण पहिल्याच सभेत अध्यक्ष म्हणाले, "वहिनी, तुमचं शिक्षण मान्य. पण या विटा म्हणजे भट्टीत राहिल्यासारखं वाटतं हो!"

सगळे हसले. सून घरी आली आणि तिने आराखडे गुंडाळून ठेवले.

"जाऊ दे गं," मुलगा म्हणाला. "पिकतं तिथे विकत नाही."

मी त्या सभेत शेजारीच बसलो होतो आणि चकार शब्द काढला नव्हता. ते मला फार लागलं. पण मी काय बोलणार होतो? मला विटांमधलं काय कळतं?

त्याच आठवड्यात रस्त्यापलीकडच्या परिचारिकाबाईंना पुस्तक द्यायला गेलो. निवृत्तीनंतर त्यांचे गुडघे धरलेत, म्हणून पुस्तकं मीच पोचवतो. एरवी दारातूनच परततो. त्या दिवशी त्यांनी आत बोलावलं. त्या चष्मा शोधत होत्या, तोवर मी खिडकीशी उभा राहिलो आणि सहज बोलून गेलो, "ही कुठली हो इमारत? सुरेख आहे."

बाई हसता हसता खुर्चीत बसल्या. "अहो ग्रंथपाल, तुमचीच की! केस पांढरे झाले तुमचे तिच्यात!"

मी खाली मान घालून चालणारा माणूस. शिवाय आमचा रस्ता अरुंद. खालून दिसतात ते नुसते सज्ज्यांचे तळ. इथून मात्र अख्खी भिंत समोर होती. तिरप्या बसवलेल्या विटांवर उतरतं ऊन पडलं होतं आणि सावल्यांनी सगळी भिंत चटईसारखी विणली होती.

"आम्ही पत्ता काय सांगतो माहीत आहे?" बाई म्हणाल्या. "विणलेल्या इमारतीसमोर."

पुढची सभा निर्णयाची होती. अध्यक्ष हात वर करा म्हणणार, तेवढ्यात मी उठलो.

"म्हणजे, माझं चुकतही असेल, पण मत देण्याआधी इमारत एकदा पाहून घ्यावी."

"रोज बघतो की, आजोबा!" कुणीतरी म्हणालं.

"आपण रोज फाटक बघतो. इमारत समोरचे बघतात."

"चला," अध्यक्ष म्हणाले, "सहलच होऊन जाऊ दे!"

परिचारिकाबाईंनी त्यांच्या गच्चीची किल्ली मिळवून ठेवली होती. वर गेल्यावर प्रत्येकाने आधी आपापली खिडकी शोधली.

"शी! ते मोडकं कपाट कुणी ठेवलंय?" वरच्या मजल्यावरची ताई ओरडली.

"तूच ठेवलंस, ताई. माझ्या डोक्यावर," तिच्या खालच्या मजल्यावरचा शेजारी म्हणाला.

माझी पुस्तकांची खोकीही काचेतून डोकावत होती. मी शक्य तितका मागे सरकलो.

अध्यक्षांनी बोट रोखलं. "ती निळी ताडपत्री बघा! डोळ्यांत खुपतेय. म्हणूनच म्हणतो, सगळं झाकून टाका."

"अहो," त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "ती आपलीच. तुमची व्यायामाची सायकल झोपलीय तिच्याखाली."

गच्चीवर हशा उसळला. अध्यक्ष थोडे उशिरा, पण हसले.

मग ऊन कललं, आणि भिंतीवरची वीण हळूहळू उमटत गेली.

"ही नक्षी आधीपासून होती?" ताईने विचारलं.

"पहिल्यापासून," सून म्हणाली. "एकेक वीट हाताने तिरपी लावलीय. पत्रा आला की हे सगळं आत जाईल." एवढंच बोलून ती बाजूला सरकली. लोकांना बघू दिलं.

"पत्र्याच्या बाजूने?" अध्यक्षांनी विचारलं. एकही हात वर झाला नाही. त्यांचा स्वतःचा निम्मा उठला आणि डोकं खाजवून खाली आला.

"मग विटाच," ते म्हणाले. "आणि आधी आमची ताडपत्री काढतो."

खाली उतरलो, तर सामान पोचवणारा एक माणूस "विणलेल्या इमारतीसमोर" असा पत्ता विचारत होता. अध्यक्षांनी छाती पुढे काढली. "ही काय, विणलेली! आमचीच."

सून माझ्या कानाशी आली. "बाबा, तुम्ही बोललात!"

"काही चुकलं नाही ना गं?"

ती नुसतीच हसली आणि तिने माझा हात धरला. मी भिंतीकडे बघत चालत होतो. फाटकाच्या पायरीला ठेच लागली, पण मान काही खाली घातली नाही.